नार्व्याच्या बाईचा व्हिडिओ

माझे वडील तीस-बत्तीस वर्षं खासगी बसवर कंडक्टर होते. बहुतेक काळ पेडणे ते म्हापसा, आणि मधली काही वर्षं म्हापसा ते डिचोली. काम सोडल्यावर चार-पाच वर्षं बरी गेली. मग विसरायला लागले. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग आपण जेवलो की नाही ते, मग आई वारली ते. आई गेल्याचं त्यांना महिन्यातून दोनदा नव्यानं कळायचं आणि दोन्ही वेळा ते नव्यानं रडायचे.

बस मात्र ते विसरले नाहीत. डोळा चुकवून घराबाहेर पडले की सरळ स्टँडवर. जी गाडी उभी असेल तिच्यात चढायचे आणि 'फुडें सरा, फुडें सरा' करत लोकांना आत ढकलायला लागायचे. जुने ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ओळखत. कुणी चहा पाजून घरी आणून सोडी, कुणी मला फोन करी. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला आहे. लग्न केलं नाही. भाऊ बोटीवर असतो, वर्षातून दोन महिने घरी. दिवसा बाबांपाशी आमच्या शेजारची काकी बसायची.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास काकीचा फोन आला. "बाबा दिसनत गो. मी कपडे वाळत घालूक मागच्या दारी गेलंय तितक्यात गेले."

मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही. स्टँडवर असतील. पण स्टँडवर नव्हते. बाजारात नव्हते. रेल्वे स्टेशनावर जाऊन दोन्ही फलाट बघितले. पोलिसांत फोटो दिला. एक वाजला, दोन वाजले. रस्त्याकडेला काही पडलेलं दिसलं की मी थांबायचे, आणि जवळ जाऊन बघितलं की गोणपाट असायचं.

तीन वाजता एका अनोळखी नंबरवरून फोन. म्हापसा-नार्वे गाडीवरचा कंडक्टर बोलत होता. "ताई, तुमचे बाबा नार्व्याला आहेत, डिचोलीच्या पुढं. फेरीच्या धक्क्याजवळ एका बाईच्या घरी. मी आत्ता बघून आलो. ओळखले मी त्यांना, माझ्या बाबांबरोबर होते ते कामाला. तुमचा नंबर पेडण्याहून मागवून घेतला. काळजी करू नका, सावकाश या."

सावकाश कशी जाणार? स्कूटर काढली. पेडण्याहून नार्व्यापर्यंत मी कशी गेले ते मला आज नीट सांगता येणार नाही. रडत होते, देवाचं नाव घेत होते आणि काकीवर, भावावर, बाबांवर, सगळ्यांवर चिडत होते. पोचले तेव्हा उन्हं कलली होती. नदीकडच्या रस्त्याला एक बुटकं कौलारू घर, पुढं मिरचीचे वाफे. आणि ओसरीवर बाबा.

खुर्चीत बसले होते. अंगात कुणाची तरी लुंगी आणि मळकट बुशशर्ट. कमरेला लुगड्याचा पट्टा आणि त्याचं दुसरं टोक ओसरीच्या खांबाला.

मी दुसरं काही बघितलंच नाही. स्कूटर तशीच टाकली. अंगणातूनच ओरडायला लागले. घरामागून एक बाई धावत आली. चाळिशीची असेल, काटकुळी, साडी वर खोचलेली, हातांना साबणाचा फेस.

"बाय, आयक तरी गे," ती म्हणाली. "ते दोनदा न्हंयेच्या पाण्यात..."

"गप्प बसा! माणूस आहे की ढोर आहे तो? दाव्याला बांधता?" तिची भाषा ऐकून मी अजून भडकले. सिंधुदुर्गातून कामाला आलेली दिसते, भाड्यानं राहते, हिला काय. असा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला होता. माझी आजीही तिकडचीच, दोडामार्गची. तरी आला.

आणि मग मी मोबाईल काढला. हे मी रागाच्या झटक्यात केलं असं पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. पण मला आठवतं, मी फोन आडवा धरला होता, बाबांची कंबर आणि खांब दोन्ही नीट यावं म्हणून एक पाऊल मागं सरले होते. तिचा चेहराही येईल असा फिरवला. तिनं ओल्या हातांनी तोंड झाकलं नाही.

बाबांना सोडवलं, स्कूटरवर मागं बसवून माझ्या ओढणीनं माझ्याच कमरेशी बांधलं, आणि निघाले. हो, बांधलं. पडू नयेत म्हणून. ते मला बांधणं वाटलं नाही.

रात्री त्यांना झोपवल्यावर व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या वडिलांना जनावरासारखं बांधून ठेवलं. नार्व्यात माणुसकी संपली.' गावाचं नाव मीच लिहिलं. भावाचा बोटीवरून फोन आला, तो रडत होता. आत्येभावानं विचारलं, पुढं पाठवू का, लोकांना कळायला पाहिजे. मी म्हटलं, पाठव.

दोन दिवसांनी तोच व्हिडिओ माझ्याच फोनवर परत आला. कारखान्यातल्या एका मैत्रिणीनं पाठवला होता, बाबा माझे आहेत हे तिला माहीत नव्हतं. 'बघ कसली कसली माणसं असतात.' मी जेवणाच्या सुट्टीत तिला सांगितलं, अगं, हे माझे बाबा. मग सगळ्याजणी माझ्याभोवती जमल्या. एकीनं आपल्या डब्यातला तळलेला बांगडा माझ्या ताटात टाकला. कुणी पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं. इतकी वर्षं बाबांचं करत होते, कुणी असं विचारलं नव्हतं. हे लिहायला जड जातं, पण त्या दिवशी तो बांगडा मी चवीनं खाल्ला.

आठवड्यानं त्या कंडक्टरचा फोन आला.

"ताई, तो व्हिडिओ तेवढा काढा हो. बाई बरी आहे ती. पोलीस येऊन गेले तिच्याकडे. घरमालक घर खाली कर म्हणतोय. ती रस्त्यावर उभी राहून गाडीची वाट बघत होती म्हणून तर मला कळलं."

"तुमच्या वडिलांना कुणी बांधलं असतं म्हणजे?" मी विचारलं.

तो "बरं ताई" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच वेळी मला थांबता आलं असतं. मी फक्त माझ्याकडचा व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला. बाकी जिथं जिथं गेला होता तिथं तो होताच.

मार्च उजाडला. काजूचा हंगाम सुरू झाला आणि काकी आपल्या बागेत जायला लागली. तिचं बरोबर होतं, वर्षाचं पीक ते. मी महिन्याची रजा टाकली. बाबांबरोबर अख्खा दिवस घरात म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात कळलं. दाराला कडी लावली की ते दारावर डोकं आपटायचे. कडी काढली की जायचे. एकदा हायवेवर पोचले. एका ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला तो आवाज मी घरात ऐकला. धावत गेले तर बाबा रस्त्याच्या मधोमध हात दाखवून ट्रक थांबवत उभे, आणि ट्रकवाला खाली उतरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आंघोळ करायची होती. दोन दिवस केली नव्हती. मी बाबांना स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसवलं, ओढणी घेतली, त्यांच्या कमरेला गुंडाळली आणि गजाला गाठ मारली. गाठ मारताना काही वाटलं नाही. घाई होती. चूल पेटवावी तशी मारली.

न्हाणीत गेले. तांब्या भरून घेतला आणि तसाच धरून बसले. बाहेरून हाक येत होती, "सोड गो माका. गाडी चुकतली. सोड गो." मी पाणी ओतलं नाही. किती वेळ बसले होते माहीत नाही. बाहेर आले, ओढणी सोडली, त्यांचा सदरा वर केला. कमरेवर लाल वळ उठला होता. त्यांनी ओढलं होतं आणि मी घट्ट बांधलं होतं.

त्या दुपारी मी आत्येभावाला सांगून तो व्हिडिओ परत मागवला. त्याला वाटलं, मला कुठं दाखवायचा आहे. लगेच पाठवला.

मी तो तेव्हा केला होता, दहा जणांना दाखवला होता, पण बघितला नव्हता. आता बघितला. लुगड्याच्या पट्ट्याखाली कमरेभोवती पंचा घडी करून घातलेला होता, वळ उठू नये म्हणून. गाठ पुढं होती, पोटावर, सैल. बाबांचे केस ओले करून भांग पाडलेला. खुर्चीशेजारी स्टुलावर पेजेची ताटली, तिच्यात लोणच्याचा खार, आणि झाकलेला पाण्याचा पेला. पायांत कोरडे मोजे. मार्चात, घामाच्या दिवसांत मी ते मोजे बघत होते आणि मला कळत नव्हतं, नोव्हेंबरात त्यांना थंडी कशानं वाजली असेल.

शेवटी माझाच आवाज, ओरडण्याचा. आणि त्याच्या खाली दबलेला तिचा. मी पाच-सहा वेळा ऐकल्यावर शब्द लागले. "पेज जेवले हां ते. गोळ्यो आसल्यो तर आता दी."

मी तिला शिव्या देत होते तेव्हा ती मला बाबांच्या गोळ्यांची वेळ सांगत होती.

ग्रुपवर मी लिहिलं. माझी चूक झाली, त्या बाईनं माझ्या वडिलांना सांभाळलं, त्यांना बुडण्यापासून वाचवलं असावं, मी न विचारता बदनामी केली. आत्येभावाला म्हटलं, जिथं व्हिडिओ पाठवलास तिथं हेही पाठव. त्यानं पाठवलं की नाही देव जाणे. ग्रुपवर एका मावशीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. भावानं विचारलं, आता हे कशाला? कारखान्यात ज्या मैत्रिणीनं मला व्हिडिओ पाठवला होता तिला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं, आता कोण लक्षात ठेवतं." मग म्हणाली, "तरी बांधायला नको होतं." मी तिला म्हटलं, मीपण बांधलं. ती दुसऱ्या विषयावर गेली.

एप्रिलमधल्या एका रविवारी काकीला बाबांपाशी बसवून मी नार्व्याला गेले. स्कूटर नेली नाही. बसनं गेले, बाबा गेले तशी, म्हापशाला गाडी बदलून. पिशवीत घरच्या झाडाचे काजूगर होते. ते नेताना लाज वाटत होती, न नेतानाही वाटली असती.

घर तेच होतं. तिला घर सोडावं लागलं नव्हतं, एवढं बघून मला हायसं वाटलं. ती वाफ्यांत वाकून मिरच्या तोडत होती. मला बघून सरळ उभी राहिली. ओळखलं.

"बाबा बरे आसत मां?" तिनं आधी विचारलं.

"बरे आहेत."

"जेवतत?"

"भरवावं लागतं."

"मी पण भरवलंय तेंका," ती म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं तोवर आतून तिचा नवरा बाहेर आला. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर मिळेल त्या गाडीवर जातो, हे मला नंतर कळलं. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"आता कित्याक इलास? आणखी काय घालूचा आसा मोबायलार? आमचा चेडू आठ दिस शाळेत गेला नाय. पोरां तेका दोरी दाखयत होती."

त्यांना शाळेत जाणारी मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "माझी चूक झाली. मी त्यांची माफी मागायला आले."

"मागा मगे," तो म्हणाला आणि आत गेला.

मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती मागं सरली. "नको गे, बाय. माका तसला काय नको." आम्ही दोघी वाफ्याच्या बांधावर उभ्याच राहिलो. ऊन लागत होतं. तिनं बस म्हटलं नाही. मी विचारलं, वयनी, त्या दिवशी काय झालं होतं ते सांगाल का? पाच महिन्यांपूर्वी विचारायचं ते मी तेव्हा विचारलं.

"साडेबाराच्या बशीन इले," ती म्हणाली. "उतरले ते सरळ धक्क्यार. फेरी पल्याड होती. हे 'फुडे सरा, फुडे सरा' करीत पाण्यात. मी हयसून बघितलंय, धावत गेलंय. घरात हाडलंय, चाय दिलंय. ह्यो कामार गेलेलो. सासू हंतरुणार. मी तिका भरवीत होतंय तेवढ्यात परत गेले. त्या खेपेक कमरेइतक्या पाण्यात. थंडीन दात वाजत होते तेंचे."

मोजे का घातले होते ते कळलं.

"मगे अडीचची बस येवची होती. कंडक्टराक इचारल्याबगर कळतला कसा, हे कोणाचे? रस्त्यार जावक व्हया. हडे बसवू कोणाक?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मगे बांधलंय. माझ्या लुगड्यान. तेंका इचारलंय हां आधी. बाबानू, बांधू काय? तर म्हणतत, बांध, गाडी इली काय सोड. तू इलंस तेव्हा मी तेंची पँट धुयत होतंय. घाण झालेली. तुझ्यासमोर तशी दिवची कशी?"

ती पँट मी तिथंच टाकून आले होते. लुंगी आणि बुशशर्ट, तिच्या नवऱ्याचे, माझ्या घरी होते. एकदा धुतले आणि कुठल्याशा ट्रंकेत टाकले. त्या दिवशी आठवणीनं आणायला हवे होते. काजूगर आठवले, कपडे नाही.

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग घरात जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली आणि बांधावर ठेवलं.

"तू वायट म्हणान केलंस असा नाय," ती म्हणाली. "बापाशीच्या मायेन केलंस. ता माका कळता. पण माझा मन पयल्यासारख्या नाय रवला."

मी विचारलं, म्हणजे काय. ती मिरच्यांची टोपली उचलून कमरेवर घेत बोलली, माझ्याकडे न बघता.

"गेल्या म्हयन्यात एक म्हातारी इली. दुपारची. फेरीतसून उतरली. हातात गाठोडा. खयची म्हणान इचारलंय तर तिका सांगूक येयना. तुझ्या बाबांसारख्याच झाल्या आसतला. घरात घे म्हणाली. मी जनेलाच्या गजातसून पाणी दिलंय. दार उघडूक नाय."

"मग?"

"थोडो येळ पायरेर बसली. मगे उठान गेली."

"कुठं गेली?"

"खय ती बघूक नाय मी," ती म्हणाली. "जनेल लावन घेतलंय."

सासूनं आतून हाक मारली तशी ती गेली. काजूगरांची पिशवी मी बांधावरच ठेवली. तिनं घेतली की नाही, मला माहीत नाही.

मी धक्क्यावर गेले. फेरीबोट लागलेली होती. दोरखंड सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं, महिन्यापूर्वी एक म्हातारी, एकटी, गाठोडं घेतलेली, कुठली ते सांगता न येणारी. तो म्हणाला, "म्हाताऱ्यो हयच्या देवळाक खूप येतात, बाय. खंयची म्हणून सांगू?" देवळाच्या वाटेवर फुलं विकणाऱ्या बाईला विचारलं. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं. लुगडं कुठल्या रंगाचं, असं दुकानदारानं मला विचारलं आणि मला ते सांगता आलं नाही. परत त्या घराकडे जाऊन तिला विचारायचं धाडस झालं नाही.

परतताना गाडी डिचोलीला थांबली. मी उतरले आणि पोलिसांत गेले. टेबलामागं एक तरुण पोलीस बसला होता. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, ऐकून घेतलं, वही उघडली. गेल्या दोन महिन्यांत अशी कुणी हरवल्याची तक्रार आहे का ते पानं उलटून बघितलं. नव्हती.

"नाव?"

"माहीत नाही."

"वय?"

"म्हातारी होती. मी बघितलं नाही तिला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "तुमची कोण लागते ती?"

"कोण नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही का शोधताय?"

मी त्याला सगळं सांगितलं. बाबांपासून सुरुवात करून त्या बंद खिडकीपर्यंत. त्याला हसू येईल असं मला वाटत होतं, पण आलं नाही. शेवटी एका कागदावर त्यानं माझा नंबर उतरवून घेतला आणि म्हणाला, काही कळलं तर फोन करतो.

अजून फोन आलेला नाही. मी दोनदा स्वतःहून केला.